आक्काच्या बांगड्यांचा आवाज

दौंडात राहायचं आणि आवाजाची तक्रार करायची म्हणजे स्वतःचं हसं करून घेणं. आमचं रेल्वेचं क्वार्टर यार्डाला लागून. मागचं दार उघडलं की छोटं परस, परसाला तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडे लगेच रूळ. मी गुड्स ऑफिसात कारकून. दिवसभर मालगाडीच्या वाघिणींचे नंबर लिहायचे आणि घरी येऊन त्याच वाघिणींचा खडखडाट ऐकत जेवायचं. नवे पाहुणे इंजिनाच्या पहिल्या शिट्टीला दचकायचे, आमटीची वाटी सांडायचे आणि आमची पोरं तोंडावर हात ठेवून हसायची. मीही हसायचो.

पुढे दचकायची पाळी माझ्यावर आली.

हे लिहितो आहे ते हृदयाचा झटका येऊन घरी परतलेल्यांसाठी, आणि त्याहून जास्त त्यांच्या घरच्यांसाठी. गोळ्यांची नावं मी सांगणार नाही, ती डॉक्टर सांगतात. पथ्यही सांगणार नाही, ते शेजारीपाजारी न विचारता सांगतात. आजारपणात कानांचं काय होतं आणि आजाऱ्याला शांतता मिळावी म्हणून घरचे काय काय करतात, तेवढंच सांगणार आहे. मला ती शांतता मिळाली. तिच्यापायी काय गेलं ते कळल्यापासून मी कुणालाही 'शांत राहा' असं सांगितलेलं नाही.

सोडा

आणीबाणी उठली त्या वर्षाची दिवाळी नुकतीच झाली होती. सकाळी ऑफिसात बसलो असताना डाव्या जबड्यात कळ आली, मग दंडात. घरातलं दिवाळीचं तळकट अजून संपलं नव्हतं, तेव्हा हे पित्तच, असं मी ठरवून टाकलं. सोडा मागवला, प्यालो, मोठी ढेकर दिली. बरं वाटलं म्हणून शेजारच्या टेबलावर सांगायला उठलो आणि तिथेच कोसळलो.

दवाखान्यात डॉक्टरांनी कागदाची लांब पट्टी हातातून सरकवत पाहिली आणि 'हार्ट अटॅक' म्हणाले. माझी बायको सुशीला खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिने विचारलं, "पण बरं होतं ना हे?"

"विश्रांती घेतली तर होतं," डॉक्टर म्हणाले.

आमचे वडील माझ्याच वयाचे असताना औत सोडून बांधावर जरा टेकले आणि उठलेच नाहीत. त्यांना बाहेरचं काही लागलं असं गावात बोललं गेलं. त्यांना काय झालं होतं ते मला त्या दिवशी, त्या खाटेवर पडल्या पडल्या समजलं. मी फार घाबरलो. बायकोसमोर रडलो, आणि ती रडली नाही म्हणून तिच्यावर चिडलो.

खिडकीजवळची खाट

माझी खाट खिडकीजवळ होती. हवा चांगली येते म्हणून मुद्दाम दिलेली. त्याच खिडकीतून यार्डही येत होतं.

शंटिंग म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नसेल त्यांना सांगतो. इंजिन वाघिणी ढकलतं, पहिली दुसरीवर आपटते, दुसरी तिसरीवर, आणि तो धडाका पार गाडीच्या शेपटापर्यंत जातो. इतकी वर्षं तो माझ्या कानांवरून गेला होता. आता प्रत्येक धडक छातीत बसायला लागली. त्याहून वाईट म्हणजे दोन धडकांमधला वेळ. आता येईल, आता येईल, म्हणून मी श्वास धरून पडायचो. आली की घाम फुटायचा, नाही आली तरी फुटायचा.

शेजारच्या खाटेवर पाय भाजलेला एक फायरमन होता, उत्तरेकडचा. तो या सगळ्या गदारोळात घोरायचा. एकदा मी त्याला चिडून विचारलं, की तुला झोप लागते तरी कशी? तो म्हणाला, "बाबूजी, इंजन चुप हो जाए तो मेरी आँख खुल जाती है." मला वाटलं, माणूस वेडा आहे. पुढे त्याची फार आठवण आली.

सिस्टर भली बाई होती. तिने माझ्या कानांत कापूस घातला. त्याने बाहेरचं कमी झालं आणि आतलं वाढलं. स्वतःच्याच छातीचे ठोके इतके मोठ्याने ऐकू यायला लागले, की मीच कापूस काढून टाकला.

दवाखान्यातून क्वार्टरवर आलो तर तिथेही तेच. पोरांना सासूबाईंकडे पाठवलं होतं. सुशीला घरात मांजराच्या पावलांनी वावरायची. भांड्यांखाली फडकी घालायची. एकदा तिच्या हातून पळी पडली आणि मी उशाचा पेला तिच्या दिशेने फेकला. लागला नाही. तिने तो उचलला, विसळला आणि परत उशाशी ठेवला. त्याच दिवशी डॉक्टर घरी येऊन गेले आणि म्हणाले, "यांना इथून हलवा. कुठेतरी शांत जागी न्या. जिवाला धक्का बसेल असं काहीही होता कामा नये."

सुशीलाने निरोप धाडला आणि लगोलग आक्का एसटीने येऊन दारात उभी राहिली. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलेलं. शिरूर तालुक्यात न्हावऱ्याच्या बाजूला तिच्या सासरची वस्ती होती. तिला मूलबाळ नव्हतं. लग्न होऊन जाताना तिने मला पदराआड लपवून सासरी न्यायचा विचार केला होता, असं ती गंमतीने सांगायची.

"दत्तू, चल," ती म्हणाली. "आमच्याकडं कोल्हंकुई सुदिक दबकून व्हती."

दाजींची मोट

पहिल्या दिवशी मात्र तिथेही फजिती झाली. दाजींनी, म्हणजे आक्काच्या मालकांनी, विहिरीवर डिझेल इंजिन बसवलेलं होतं. ते सुरू झालं आणि त्या पुकपुकीबरोबर माझी छातीही धावायला लागली. मी कानांवर हात दाबून भिंतीकडे तोंड केलं. थोड्या वेळाने इंजिन बंद झालं आणि दाजी दारात आले. मोठा गडी, बोलणं सगळं थट्टेतलं.

"काय साहेब, इंजानाचंच खाता आन् इंजानच सोसंना व्हय?"

"दाजी, पिकाला पाणी द्यायला पाहिजे. चालू द्या तुमचं," मी म्हणालो.

"चालू तर द्यायलाच पायजे. बगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला वेगळाच आवाज आला. चाकाची लांबलचक कुरकुर, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, आणि मग पाणी कोसळल्याचा. गोठ्याच्या माळ्यावर पडलेली जुनी मोट दाजींनी खाली काढली होती. जुना नाडा, म्हणजे मोटेचा जाड दोर, तोही काढला आणि बैल जुंपले. ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. बैल उतरत्या धावेवरून खाली जातात तशी भरलेली मोट विहिरीतून वर येते. हाकणारा नाड्यावर बसून बैलांबरोबर खाली जातो. इंजिन आल्यापासून त्या बाजूच्या बहुतेकांनी मोटा मोडून टाकल्या होत्या. दाजींना सगळे हसले असणार. आक्का म्हणाली तेवढं मी ऐकलं होतं, "नाडा लय जुना झालाय, नवा घ्या." दाजी म्हणाले, "आगं, साहेब बरा हुस्तवर टिकतुया."

मी सोप्यात खाटेवर पडून असायचो. तिथून विहीर दिसत नव्हती, नुसती ऐकू यायची. आणि खरं सांगतो, मला त्या आवाजांनी उचललं. चाक कुरकुरायचं ते मला आधीच कळायचं. कधी येईल याची धास्ती नव्हती, कारण ते ठरल्या वेळी यायचं, मग पाणी पडायचं, मग दाजी बैलांना काहीतरी लाडाचं बोलायचे. पाटातलं पाणी खळखळत माझ्या खाटेजवळून जायचं. बाभळीवर होला घुमायचा. वारा सुटला की शाळूची पानं सळसळायची. हळूहळू माझा श्वास मोटेबरोबर चालायला लागला. पहिल्यांदा भूक लागली ती मोट ऐकताना. पहिल्यांदा दुपारची झोप लागली तीही.

आणि आक्काच्या बांगड्या. तिच्या दोन्ही हातांत मनगट भरून काचेच्या बांगड्या होत्या. ती गोठ्यातून निघाली, चुलीपाशी आली, माझ्यासाठी दूध घेऊन निघाली, हे सगळं मला डोळे मिटून कळायचं. माझे कान फार तिखट झाले होते. आक्का म्हणायची, "तुझ्यापुढं मनातसुदिक बोलाय नगं."

शिरूरचा दिवस

ठरल्याप्रमाणे शिरूरच्या डॉक्टरांना दाखवायला जायचं होतं. शेजारच्या वस्तीवरचे आप्पा, वयस्कर माणूस, त्यांच्या बैलगाडीतून आम्ही फाट्यावर निघालो. मी आणि सुशीला. मोट चालू होती. दाजींनी विहिरीवरूनच हाळी दिली, "साहेब, डॉक्टरला म्हनावं औशद म्या देतुया, तू नुसता पैका घे!" मी हसलो. गाडी रस्त्याला लागली तरी मागून चाक ऐकू येत होतं. दाजींना मी शेवटचं पाहिलं नाही. ऐकलं.

शिरूरला डॉक्टरांनी छाती तपासली, नाडी पाहिली आणि खूश झाले. फरक चांगला आहे म्हणाले. मी सदरा घालून बाहेर आलो तर सुशीलापाशी आप्पा उभे. सकाळी आम्हाला फाट्यावर सोडून परत गेलेले आप्पा.

"आप्पा, तुम्ही इथं कसे?"

"आलतो कामानं," ते म्हणाले आणि उपरण्याने तोंड पुसत राहिले.

सुशीला म्हणाली, "एक गोळी विचारायची राहिली," आणि आत गेली. बराच वेळ आली नाही. बाहेर आली तेव्हा म्हणाली, की आता तिच्या मावसबहिणीकडे जेवून, आराम करून, संध्याकाळच्या एसटीने जाऊ. मला ते अजिबात पटलं नाही. शिरूरच्या स्टँडवर हॉर्न, कुल्फीवाल्याची घंटा, हॉटेलातला रेडिओ. मी त्यावरून कुरकुर केली, मावसबहिणीच्या भाजीत मीठ कमी म्हणून कुरकुर केली, एसटीला उशीर झाला म्हणून केली. एरवी सुशीलाने दोन ऐकवून मला गप्प केलं असतं. त्या दिवशी ती एकदाही चिडली नाही. समोरचा चहा तिने तसाच निवू दिला. आजाऱ्याशी गोडीने वागायला शिकली बाई, असं मी मनात म्हणालो.

वस्तीवर पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. मोट बंद होती. आक्काचं डोकं दुखत होतं म्हणून ती आतल्या खोलीत निजली होती, असं मला सांगण्यात आलं.

राहूला गेलेत

सकाळी आक्का दूध घेऊन आली. कपाळावर कुंकू, हातात बांगड्या, डोक्यावर पदर जरा पुढे ओढलेला.

"दाजी कुठंयत? मोट ऐकू येत न्हाई."

"राहूला गेलेत. मामांकडं. गुऱ्हाळ लागलंय त्येंचं, मानूस कमी पडतंय."

राहू गावात दाजींचे मामा होते आणि गुऱ्हाळ होतं, हे खरंच होतं. दरवर्षी दाजी तिकडे जायचे. न सांगता गेले याचा मला थोडा राग आला. "साहेब बरा होईपर्यंत मोट हाकणार होते ना?" मी म्हणालो. आक्काने पेला माझ्या हातात दिला आणि गोठ्याकडे गेली.

ती गेली तेव्हा मला जाणवलं, की बांगड्यांचा आवाज बारीक झालाय. आधी भरल्या हाताचा घट्ट आवाज होता, आता विरळ किणकिण येत होती. आणि गंमत म्हणजे सुशीलाच्या हातांचीही तशीच. थंडीत काच तडकते, फुटल्या असतील, असा मी विचार केला. आक्काच्या पंज्यावर ओरखडे होते. विचारलं तर म्हणाली, बाभळीचं कुंपण सारखं करत होते.

दिवस फार शांत गेले. आक्का सकाळी त्यांच्या गावातल्या जुन्या घरी जायची आणि दुपारी यायची. घर सारवायला काढलंय, म्हणायची. रस्त्याने माणसं येताना दिसायची आणि आप्पा वळणावर उभे राहून त्यांना गावाकडे वळवायचे. वस्तीवर कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. होला घुमत होता, शाळू सळसळत होता, पाखरं पिकावर उतरत होती. मोट नव्हती तरी मला आता तिची गरज वाटत नव्हती. मी वजन धरलं. चेहऱ्यावर रंग आला. सुशीलाला मी एकदा म्हणालो सुद्धा, "अशी शांतता औषधाच्या दुकानात मिळत नाही." ती उठून आत गेली.

विहिरीवर

डॉक्टरांनी थोडं चालायची परवानगी दिली. एका दुपारी सगळे आडवे झालेले पाहून मी एकटाच काठी घेऊन निघालो. ज्या आवाजाने मला बरं केलं ती जागा एकदा डोळ्यांनी पाहावी, एवढंच मनात होतं.

विहिरीवर चाक नव्हतं. काढून टाकलं होतं. मोट बाजूला पालथी पडलेली. धावेवर तुटलेल्या नाड्याचं टोक मातीत अर्धं गाडलं गेलं होतं, आणि धावेच्या कडेला जो दगड होता त्यावर कुणीतरी हळदकुंकू वाहिलं होतं. ते वाळून गेलं होतं.

मी तिथे उभा होतो. मागून पावलं धावत आली. आक्काची पावलं मला हजारांत ओळखू आली असती. पण नुसती पावलंच आली. बांगड्या आल्या नाहीत.

मी वळलो. ती झोपेतून उठून तशीच धावली होती. हात उघडे. कपाळ उघडं.

मी काही विचारण्याआधी तिने माझ्या छातीवर पंजा ठेवला. "गप. खाली बस. दुखतंय का? दत्तू, दुखतंय का सांग आदी."

"आक्का, दाजी..."

"व्हय. त्या दिशी तुमी शिरूरला गेल्तासा तवा. नाडा तुटला. खाली दगडावर पडलं. काय बोललं न्हाईत." तिचा हात माझ्या छातीवरच होता. "आता हळू श्वास घे. माझ्याकडं बघ."

मी त्या धावेवर बसून ओक्साबोक्शी रडलो. माझं हृदय फुटलं नाही. ज्याच्यासाठी इतक्या माणसांनी तोंड दाबून धरलं होतं ते हृदय तो घाव सोसून नीट चालू राहिलं, आणि त्या क्षणी मला त्याची किळस आली. मी म्हणालो, "तू का नाही रडत? तू रड ना."

ती म्हणाली, "रडले आसते तर आवाज बसला आसता. तुला कळलं आसतं. तुझं कान लय तिखट. म्हनून आवरलं. आन् आता येतच न्हाई रे. आतच कुठंतरी बसलंय."

आमच्याकडे बाई रडते ती मोकळ्या गळ्याने. आलेली प्रत्येक बाई तिच्या गळ्यात पडते, गेलेल्याचं एकेक आठवून हेल काढते, आणि तिलाही रडवते. दहाव्यापर्यंत घर नुसतं रडत असतं. त्यानंतर कुणी रडलं तर लोकच म्हणतात, आता पुरे. आक्काच्या त्या सगळ्या दिवसांत गावातल्या घरी बायका आल्या, रडल्या, आणि ती मात्र कोरडी बसली. कुणी कुणी तर म्हणालं, नवऱ्यावर जीवच नव्हता हिचा.

बाकीचं सुशीलाने सांगितलं. शिरूरच्या डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, की हे कळलं तर तुमचा नवरा जाईल. ते चुकले असं मी आजही म्हणत नाही. त्या वेळी कळलं असतं तर मी गेलोही असतो. पण विधवेच्या हातात पुन्हा बांगड्या कोण घालणार? भावकीतल्या बायका मागे सरल्या. तेव्हा सुशीलाने साबण लावून स्वतःच्या हातातल्या निम्म्या काढल्या.

आक्का म्हणाली होती, "नगं गं. तुझ्या नवऱ्याचं आसलं दुखनं. तुझा चुडा माझ्या हातात नगं."

सुशीला म्हणाली, "वन्सं, ते वाचावेत म्हणूनच देते. घाला."

आक्काचा हात कामाचा, रुंद. सुशीलाच्या बांगड्या लहान. रोज त्या माझ्यासमोर येताना चढवायच्या आणि गावात जाताना उतरवायच्या. ओरखडे त्याचे होते.

आक्काचं दुखणं

मी दौंडला परतलो, कामावर रुजू झालो. लोक भेटायला आले, पेढे मागितले. शिमगा झाल्यावर आप्पांचा निरोप आला, की आक्काच्या घशाखाली घास उतरत नाही. मी जाऊन तिला घेऊन आलो. निम्मी झाली होती. डॉक्टरांनी घसा पाहिला, छाती पाहिली, फोटो काढला. काहीच नाही म्हणाले. "मनाला शांतता हवी," असं वर सांगितलं. मला हसावं की काय करावं ते कळेना.

क्वार्टरवर आणताना मला धास्ती होती. जन्मभर वस्तीवर राहिलेली बाई, या खडखडाटात तिचं आणखी बिघडेल. मी तिला सांगितलं, "आक्का, इथं फार आवाज आहे. त्रास झाला तर लगेच परत जाऊ." ती नुसती मान हलवून भिंतीला टेकून बसली. भाताची पेज केली होती, ती तशीच राहिली.

ज्यांच्या घरात असं कुणी बरं होत असेल त्यांना इथेच सांगून ठेवतो, नंतर मला सांगवणार नाही. आजाऱ्यापासून लपवावं लागलं तर लपवा. पण घरात जो लपवतो आहे त्याला रोज कुठेतरी लांब नेऊन बसवा आणि मोठ्याने रडू द्या. आवाज बसला तर सर्दी झाली म्हणा. आजारी माणूस एक, म्हणून घरातलं दुखणंही एकच असं धरून चालू नका. आणि तुम्ही स्वतः आजारी असाल तर फार चांगली शांतता मिळाली की एकदा विचारा, ही कुठून आली. मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का परसात बसली होती. मी जेवायला घरी आलो होतो. कुंपणापलीकडे एक मालगाडी सिग्नलसाठी थांबली. ड्रायव्हर वैतागला असावा, त्याने शिट्टीची साखळी ओढली ती सोडेचना. खिडकीची तावदानं थरथरली. आक्काला धक्का बसेल म्हणून मी ताटावरून उठून मागच्या दाराकडे धावलो.

आक्का उभी होती. दोन्ही मुठींत कुंपणाची तार धरलेली. पाठ माझ्याकडे. पदर खांद्यावर घसरलेला आणि मान मागे टाकलेली. तिचं सगळं अंग हलत होतं. तोंड उघडं होतं, गळ्याच्या शिरा ताठलेल्या होत्या, पण माझ्या या तिखट कानांना शिट्टीशिवाय काही ऐकू येत नव्हतं. मी पाऊल पुढे टाकलं तसा सुशीलाने माझा दंड धरला.

"जाऊ नका," ती माझ्या कानाशी ओरडली. "रडू द्या त्यांना."

शेजारी कुणी दार उघडलं नाही. कुणाला काही कळलंच नाही. मग शिट्टी एकदम तुटली आणि आक्काच्या हेलाचं शेपूट उघडं पडलं. मोठा, मोकळा, घोगरा आवाज.

"...नवा घ्या म्हनलं व्हतं वो, धनी, नाडा नवा घ्या म्हनलं व्हतं..."

तिने पदराने तोंड दाबलं. वाफ सोडत गाडी हलली, एकेक वाघीण धडधडत पुढे गेली आणि शेवटचा गार्डाचा डबा दिसेनासा झाला. परसात आमच्या घरच्या चिमण्यांचा आवाज परत आला. आक्का वळली. मला दारात पाहून ओशाळली. डोळे सुजलेले, नाक लाल, आवाज पार बसलेला.

"दत्तू," ती म्हणाली, "ही गाडी परत कवा येती रे?"

सुशीला माझ्याकडे पाहत होती.

"रोज येती, आक्का," मी म्हणालो. "हितं दिवसभर गाड्या हायेत."